घालून बघितल्याशिवाय नाही

आमची ही एकदा सबंध रविवार दोन्ही दंड पट्ट्यानं अंगाला बांधून घरात वावरत होती. मी पेपर वाचत बसलो होतो. स्वयंपाकघरात एकेक भांडं खाली येत होतं. तिसरं पातेलं पडलं तेव्हा मी म्हणालो, "अगं, भूकंपालासुद्धा इतका आवाज होत नाही." आतून उत्तर आलं, "अहो, मला नळ उघडता येत नाहीये. विनोद नंतर करा." मी नळ उघडायला गेलो तर माझ्यावरच खेकसली. मदत करायची नाही, असा त्या दिवसाचा नियम होता म्हणे. मला तो कोणी सांगितलाच नव्हता.

"ही" म्हणजे माझी बायको. पेशानं ऑक्युपेशनल थेरपिस्ट. हा शब्द धड म्हणायला मला लग्नानंतर बरेच महिने लागले आणि त्याचा अर्थ कळायला बरीच वर्षं. नातेवाइकांना मी एवढंच सांगतो की फिजिओ माणसाला हलवते; आणि हलता येत नसेल तर त्यानं शर्ट कसा घालायचा, केस कसे विंचरायचे, संडासला कसं बसायचं, ते ही बघते. यावर नातेवाईक "अच्छा, म्हणजे नर्स" म्हणतात आणि हिचा पारा चढतो. मी स्वतः आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. बिघडलं की झाकण उघडायचं, खराब भाग काढायचा, नवा बसवायचा, घरी यायचं. हिच्या कामात भाग बदलून मिळत नाही. निवृत्त झाल्यापासून मी हिचा ड्रायव्हर आहे; पगार शून्य, बोलणी भरपूर.

हिचं केंद्र मोठ्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धोबीखान्याच्या शेजारी आहे. दहा-वीस लाखांत एखाद्यालाच होणारे, जन्माबरोबर येणारे, आणि ज्यांची नावं डॉक्टरसुद्धा कागदावर बघूनच वाचतात, असे आजार असलेले लोक तिथे येतात. औषध बहुतेकांना नसतंच. म्हणून फिजिओ, आहार सांगणारी, गिळायला-बोलायला शिकवणारी आणि आमची ही, अशा चौघी एका टेबलाभोवती बसतात, पेशंटला आणि घरच्यांना मध्ये घेतात आणि उद्याचा दिवस कसा काढायचा ते ठरवतात. भिंतीपलीकडून साबणाचा आणि वाफेचा वास येत असतो. चौघींची आपसात भांडणंही होतात. एक म्हणते पातळ द्या, दुसरी म्हणते घट्ट द्या, आणि पेशंट बिचारा आळीपाळीनं दोघींकडे बघत बसतो.

हिला ही अंगाला पट्टे बांधायची खोड कशी लागली, तेही सांगून टाकतो. नोकरीच्या सुरुवातीला हिनं एका म्हाताऱ्याला एका हातानं बटणं लावायचा आकडा दिला होता आणि कसा वापरायचा ते गोड आवाजात समजावलं होतं. म्हाताऱ्यानं आकडा टेबलावर आपटला. "बाई, उंटावरून शेळ्या हाकू नका. उद्या एका हातानं तयार होऊन या, मग शिकवा मला." दुसऱ्या दिवशी ही कामावर पोचली तेव्हा अर्धा दिवस सरला होता, कोटाची बटणं वर-खाली लागली होती आणि केस पिंजारलेले. म्हातारा पोट धरून हसला, पण आकडा शिकला. तेव्हापासून जे दुसऱ्याला सांगायचं ते आधी आपल्या अंगाला लावून बघायचं, असा हिचा शिरस्ता पडला. त्यापायी आमच्या घरात मान न हलवता जेवून झालंय, तोंड अर्धं उघडून दात घासून झालंय. सून पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिची होणारी सासू पायाला फळ्या बांधून सोफ्यावर आडवी होती. लग्न मोडलं नाही हे आमचं नशीब.

तर दंड बांधले होते ते चष्मेवालीसाठी.

चष्मेवालीच्या स्वतःच्या डोळ्याला चष्मा नाही. ती चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. पंचविशी ओलांडलेली, दिसायला तरतरीत, आणि जीभ अशी की कात्रीनं लाजावं. तिच्या आजारात मांसाचं हाड होतं. ऐकल्यावर मला आधी खरंच वाटलं नव्हतं. कुठे मार बसला, सुई टोचली, जोरात ताणलं, की तिथे सूज येते, आणि सूज उतरेपर्यंत आतलं मऊ मांस हाड होऊन बसलेलं असतं. कधीकधी तर काही निमित्तच लागत नाही. ती तान्ही असताना पायाचे अंगठे आखूड आणि आत वळलेले होते, पण त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. लहानपणी पाठीवर गाठ आली. आईनं काळजीपोटी तेल लावून रोज रगडून रगडून चोळली. तेच नेमकं करायचं नव्हतं. पाठ धरली, मग मान, मग दोन्ही खांदे. आता तिचे दंड अंगाला चिकटलेले आहेत, कोपरं वाकलेली आहेत, आणि हात छातीसमोर आहेत. मनगटं आणि बोटं मात्र मोकळी आणि भलतीच चपळ.

दुकानात ती काउंटरमागे उभी राहते. गिऱ्हाईक पुढे वाकून तिच्या हातांजवळ तोंड आणतं आणि ती चष्मा बसवते, कानामागची दांडी वाकवते, स्क्रू आवळते. एकदा माझाही चष्मा तिनं नीट केला. मी वाकलो तर म्हणाली, "काका, आणखी खाली. देवापुढे वाकता तेवढं पुरे." दात फारसे उघडत नाहीत तिचे, पण आवाज खणखणीत.

खालचा निम्मा देह तेवढा तिच्या हुकमात राहिला होता. घरापासून दुकानापर्यंत ती स्वतःच्या पायांनी चालत जायची. आणि एका सकाळी उजवा खुबा सुजला.

त्या दिवशी मी केंद्राच्या बाकावर बसलो होतो. दार नीट लागत नाही तिथलं, आतलं सगळं ऐकू येतं. मोठे डॉक्टर येऊन स्पष्टच सांगून गेले. सूज कमी करायला गोळ्या देऊ, पण खुब्याचा सांधा धरणार. आठवड्यांत धरेल की महिन्यांत, सांगता येत नाही. जोर लावून काहीही करायचं नाही. पण सांधा ज्या स्थितीत जास्तीत जास्त वेळ राहील, त्या स्थितीत धरण्याची शक्यता जास्त. तेव्हा कसा धरू द्यायचा ते आत्ताच ठरवा.

म्हणजे बसलेल्या स्थितीत की उभ्या स्थितीत. एकदा धरला की जन्मभर तसाच. मी लिफ्टवाला माणूस. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तर निदान हातानं फिरवून खाली आणता येते. इथे तीही सोय नव्हती.

आतून पोरीचा आवाज आला, "उभी."

लगेच आईचा, "काहीतरीच काय! बसलेली."

पोरीची आई म्हणजे ठसठशीत बाई. नवरा लवकर गेला, त्यानंतर तिनं एकटीनं पोर वाढवली. पहाटे उठवण्यापासून रात्री निजवण्यापर्यंत सगळं तीच करायची आणि दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. तिचं म्हणणं काही खोटं नव्हतं. उभ्यात सांधा धरला तर पोरीला खुर्चीवर बसता येणार नाही, मोटारीत बसता येणार नाही, संडासला सगळा खटाटोप, आणि पलंगावरून उठायचं तर कोणीतरी फळीसारखं उचलून उभं करायला हवं. पडली तर हात पुढे करता येत नाहीत, सरळ तोंडावर. "खुर्चीतल्या माणसाला परकासुद्धा ढकलतो, ताई," ती आमच्या हिला म्हणाली. "हिला रोज उचलून कोण उभं करणार? मी आहे तोवर मी करीन. मी मेल्यावर कोण आहे हिला? सांगा ना, कोण आहे?"

पोरगी म्हणाली, "बसले की चालणं संपलं माझं. दुकान संपलं. तू म्हणशील तिथे ठेवशील मला, कुंडीसारखी."

"बोलतेस काय तू!"

"खरं तेच बोलते."

 शेवटी आमची ही म्हणाली, "मला थोडे दिवस द्या. मी घालून बघते." मी बाकावर कपाळाला हात लावला, कारण घालून बघणार म्हणजे भोगणार कोण, ते मला ठाऊक होतं.

केंद्रातल्या कारागिरानं कंबरेपासून गुडघ्यापर्यंतचा एक पट्टा करून दिला. खुब्यापाशी कुलूप, हव्या त्या कोनात लावलं की पाय तिथेच घट्ट. आधी ही काटकोनात कुलूप लावून चाकाच्या खुर्चीत बसली. संडास झाला, जेवण झालं, पण वरच्या फळीवरचं काही घेता येईना आणि माझ्याशी भांडायला मान वर करावी लागायला लागली. ते तिला फार झोंबलं. मग पाय सरळ करून कुलूप लावलं. आता भांडायला उंची मिळाली, पण पलंगावरून उठताना ही कलंडली आणि मला नको म्हणत असतानाही मी धरली. मग मधला कोन लावला, ना धड बसलेला ना धड उभा. उंच स्टुलाच्या कडेला ढुंगण टेकवलं की ओट्यापाशी काम होत होतं, संडासच्या उंच बैठकीवर कसंबसं निभत होतं, काठी घेऊन दोन खोल्यांत फिरता येत होतं. ही खूश झाली. "हेच," म्हणाली. "दोघींचंही राहील." मीही म्हटलं, चला, दगडापेक्षा वीट मऊ.

टेबलाभोवती हिनं हा मधला मार्ग मांडला, चित्रं काढून आणली होती. पोरीनं सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "ताई, तुम्ही हे कुठे घालून बघितलंत?"

"घरी."

"तुमच्या घरी. ओट्यापाशी. मी ओट्यापाशी कधी असते? मला भाजी चिरता येत नाही, कुकर उचलता येत नाही. या कोनात रस्ता ओलांडून बघितलात? दुकानात दिवसभर उभ्या राहून बघितलंत? तुम्ही तुमचं आयुष्य घातलंत अंगात. माझं नाही घातलंत."

आमच्या हिनं चित्रं गोळा केली.  घरी येताना गाडीत ती मांडीवर धरून बसली होती. मी गंमत म्हणून म्हणालो, "शेरास सव्वाशेर भेटला वाटतं." ती म्हणाली, "खरं बोलली हो ती. इतकी वर्षं मी हेच करत आलेय. पट्टा दुसऱ्याचा आणि स्वयंपाकघर माझं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मग पुढे बघून गाडी चालवली.

दुसऱ्या दिवशी तिनं पोरीच्या आईला फोन केला. म्हणाली, "माझं चुकलं. पट्टा मी घालून उपयोग नाही. तुम्ही घाला."

"मी? मी कशाला?"

"तुम्हाला तिला जसं ठेवायचंय तसं तुम्ही राहून बघा. फक्त एक बाजार. जास्त नको."

आई सुरुवातीला बिथरली. मग म्हणाली, "आणा. मला काय भीती आहे?"

मी गाडीत खुर्ची घातली. दोघी मायलेकींना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बाजारात नेलं, कारण घराजवळच्या बाजारात सगळे तिला ओळखतात आणि टरकून असतात. भाव करायला बसली की भाजीवाल्याच्या नाकी नऊ आणणारी बाई ती. काटकोनात कुलूप लावून तिला खुर्चीत बसवलं. खुर्ची मी ढकलत होतो, पोरगी शेजारून हळूहळू चालत होती; सुजेमुळे लंगडत होती, पण चालत होती. आमची ही मागे.

पहिल्याच गाड्यावर आईनं टोमॅटो उचलून दाबून बघितला आणि विचारलं, "कसे दिले?"

भाजीवाल्यानं तिच्या डोक्यावरून पोरीकडे बघितलं. "ताई, आईंना मऊ देऊ का कडक?"

पोरगी थबकली. तिची मान वळत नाही, म्हणून ती सगळ्या अंगानिशी आईकडे वळली आणि परत भाजीवाल्याकडे वळली. "त्यांना काय कळतंय? द्या कुठलेही," ती म्हणाली.

"अगं ए!" आई उसळली. "मला विचार ना! मी काय मेले का? कसे दिलेस रे?"

भाजीवाला पोरीकडे बघून समजूतदारपणे हसला. "होतं असं म्हाताऱ्या माणसांचं," म्हणाला. "चिडतात."

पोरगी खो-खो हसायला लागली. तिला तोंड मोठं उघडता येत नाही, तर दातांतून शिट्टीसारखं हसू येत होतं. आईही आधी चिडली, मग हसली. मलाही हसू आवरेना. पुढच्या गाड्यावर पुन्हा तेच झालं. तिसऱ्या ठिकाणी एका बाईनं खुर्चीजवळ येऊन आईच्या गालाला हात लावला आणि पोरीला म्हणाली, "छान सांभाळता हो तुम्ही." तिथून पुढे आईनं भाव केला नाही. कोथिंबीर शिळी होती, तीसुद्धा मुकाट्यानं घेतली.

गाडीत बसल्यावर तिनं स्वतःच्या हातानं कुलूप सोडवायला घेतलं, ते निघेना. आमच्या हिनं सोडवून दिलं. आई पाय सरळ करून बराच वेळ गुडघा चोळत राहिली. मग पोरीकडे न बघता म्हणाली, "मी तिथे होते की गं. तिथेच होते. कोणाला दिसलेच नाही मी."

पोरगी म्हणाली, "हो."

"तुला असंच होतं?"

"उभी असते तेव्हा जरा कमी."

आईनं पदरानं तोंड पुसलं. "उभी राहा मग," म्हणाली. "काय व्हायचं ते होऊ दे. राहा उभी." आणि आमच्या हिला म्हणाली, "पण ताई, हिला उचलायला माणूस लागणार नाही असा पलंग शोधा. तेवढं तुमच्याकडे लागलं."

त्यानंतरचे महिने घाईचे गेले. पोरगी दिवसभर उभी आणि रात्री पाय सरळ ठेवून आडवी. मधे कुठे वाकायचं नाही, ताणायचं नाही. चौघी टेबलाभोवती भांडत राहिल्या. आहारवालीनं गोळ्यांनी वजन वाढू नये म्हणून जेवण बदललं, कारण ते वजन एका पायावर येणार होतं. फिजिओनं हात न लावता, नुसतं सांगून, छातीभर श्वास घ्यायला शिकवला. पडण्याची भीती होती म्हणून डोक्याला टोपीसारखं हेल्मेट आलं; ते दुकानात घालायला पोरगी तयार होईना, त्यावरून मोठा तमाशा झाला, आणि शेवटी रस्त्यात घालायचं आणि दुकानात काढायचं असं ठरलं. हिनं हजार ठिकाणी फोन करून इस्पितळाच्या अडगळीतला एक पलंग मिळवला, बटण दाबलं की माणसासकट हळूहळू उभा राहणारा. त्याची मोटर कुरकुरत होती, तिला तेल मी घातलं. माझं योगदान तेवढंच. फुशारकी मारायला आवडली असती, पण ही वाचेल.

आणि खुबा धरला. पाय जवळजवळ सरळ, किंचित पुढे. हाड कोणाचं ऐकत नाही असं मोठे डॉक्टर म्हणाले होते, पण यावेळी त्यानं ऐकलं. उजवा पाय बाहेरून फिरवत पोरगी चालायला शिकली. जिना एकेक पायरी करत उतरायची; दुकान आता दूर वाटायचं, पण पोचायची.

मला वाटलं, संपलं हे प्रकरण. तर एक दिवस पोरीच्या आईचा फोन आला. "रविवारी दोघंही या. साक्षीला."

"कशाच्या?"

"या तर खरं."

गेलो. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. पलंग भिंतीशी, पोरगी त्यावर झोपलेली. आई कोपऱ्यातल्या खुर्चीत मांडीवर हात ठेवून बसली होती. आम्हाला बघून म्हणाली, "ताई, तुमचीच रीत. घालून बघितल्याशिवाय नाही. आज मी मेलेली आहे. संध्याकाळपर्यंत. मी उठणार नाही, बोलणार नाही. बघायचंय मला."

मी म्हणालो, "वहिनी, असलं अभद्र काय बोलता?"

"अभद्र कसलं भाऊ, व्हायचंच आहे. आत्ता बघितलं तर दिसेल तरी." आणि तिनं तोंड मिटलं. पुढे दिवसभर तिनं एक शब्द काढला नाही. त्या बाईनं! मी तर म्हणेन, मेलेल्या माणसालाही इतकं जमत नसेल.

पोरीनं बटण दाबलं. पलंग घुरघुरत उभा राहिला आणि ती पाय जमिनीवर टेकून खाली आली. संडासला गेली, आत हिनं बसवलेली उंच, पुढे कललेली बैठक होती. वेळ लागला. आईची नजर बंद दारावर आणि बोटं खुर्चीच्या हातावर. पोरगी बाहेर आली. लांब दांड्याच्या आकड्यानं तिनं कपडे सारखे केले, लांब चमच्यानं खाल्लं, अर्धं सांडलं, पुसता आलं तेवढं पुसलं. आई बघत होती. जमिनीवरचा डाग बघून तिचा जीव नुसता तळमळत होता, ते मला दिसत होतं, पण ती हलली नाही.

दुपारी फोन खाली पडला. पोरीला वाकता येत नाही. तिच्याकडे जमिनीवरच्या वस्तू उचलायचा लांब चिमटा आहे. तिनं तो भिंतीवरून काढला, फोन पकडायला गेली, आणि चिमटाच हातातून सुटला. फोनही खाली, चिमटाही खाली. चिमटा घरंगळत आईच्या पायाशी आला.

आई अर्धी उठली. आमची ही पटकन म्हणाली, "वहिनी." एवढंच. आई परत बसली. तिचा चेहरा बघवत नव्हता. मी खिडकीकडे तोंड केलं. पोरगी थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग पाय फिरवत फिरवत दाराशी गेली, कडी काढली, जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली आणि ओरडली, "शिंपीकाका! ओ शिंपीकाका!"

खाली एक शिंपी राहतो. गळ्यात माप घ्यायची टेप, बोटात सुई-दोरा, असा तो वर आला. घरात चार माणसं बघून जरा गोंधळला.

"काका, तेवढं उचलून द्या ना. फोन आणि तो चिमटा."

त्यानं आईच्या पायाजवळचा चिमटा उचलला, फोन उचलून फुंकर मारली, दोन्ही पोरीच्या हातात दिलं. आई समोर बसलेली असून हलत नाही, हे बघून त्यानं विचारलं, "वहिनींना बरं नाही का?"

"ती मेलीय," पोरगी म्हणाली. "संध्याकाळपर्यंत."

शिंप्यानं एकदा आईकडे बघितलं, एकदा आमच्याकडे. मग म्हणाला, "बरं. आणखी काही?"

"नाही. एवढंच."

"एवढंच?" तो म्हणाला. "मला वाटलं काय झालं! हाक मारत जा की." आणि जिना उतरून गेला. खाली त्याचं मशीन पुन्हा सुरू झालं.

आई नुसती दाराकडे बघत बसली. दुपारभर ती दाराकडेच बघत होती. संध्याकाळी पोरीनं दिवा लावला. स्विचला हिनं बांधलेली दोरी आहे, ती ओढली. म्हणाली, "आई, झाला दिवस. ये परत."

आई उठली. दिवसभर बसून तिचे पाय आखडले होते. पहिलं वाक्य तिनं हे टाकलं, "शिंप्याला चहा तरी विचारायचास गं." आणि मग तिचा बांध फुटला. तोंडात पदर कोंबून ती रडायला लागली. "इतकी वर्षं तो खाली आहे. इतकी वर्षं! मी कधी तुला हाक मारू दिली नाही कोणाला. मला वाटायचं, कोण येणार? माझ्याशिवाय कोण येणार?"

पोरीला हात पसरता येत नाहीत. ती पाय फिरवत चालत गेली आणि आईच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. आईनं तिच्या खांद्यावर अलगद डोकं टेकवलं.